बी, दाणा की रवा? आणि खेचर कुठून आलं?

प्रश्न असा आहे : अब्देलातिफ केशिश यांच्या 2007 च्या फ्रेंच चित्रपटाचं नाव ‘ला ग्रेन ए ल म्युले’. शब्दकोशात पाहिलं तर ‘बी आणि खेचर’. चित्रपटात खेचर कुठेच नाही, मग मराठीत काय म्हणावं?

शब्दकोश खोटं बोलत नाही, पण इथे उपयोगाचा नाही. ‘म्युले’ म्हणजे खेचर, तसाच एक मासाही. आपल्याकडची बोई, गोव्यात शेवटो. गोष्ट घडते सेत या भूमध्य समुद्रावरच्या बंदरात, ट्युनिशियातून आलेल्या एका गोतावळ्यात. गोदीतलं काम सुटत चाललेला साठीचा स्लिमान मोपेडवरून घरोघर हीच मासळी पोचवतो. तेव्हा खेचराला रजा. (विसोबा खेचरांचा ‘खेचर’ तर, एका अर्थानं, आणखी वेगळा, आकाशात फिरणारा.)

‘ग्रेन’ जास्त अवघड. कोशात बी, पण कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे वाफवून करतात तो उत्तर आफ्रिकेतला पदार्थ) खाणाऱ्या घरात ‘ग्रेन’ म्हणजे वाफवलेला कुसकुस. रस्सा, भाज्या, मासे वेगळे. ‘रवा’ म्हणावं तर तो कच्चा वाटतो, आणि शिजवला की डोळ्यांपुढे सांजा येतो. मला ‘दाणा’च पटतो. साबुदाण्याची खिचडी करताना आपण ‘दाणा मोकळा झाला पाहिजे’ म्हणतो, तोच हा दाणा. कुसकुसाचं कौशल्यही तेच : गोळा होऊ द्यायचा नाही.

हा काथ्याकूट नुसता कोशापुरता नाही. स्लिमानला एक जुनी बोट घेऊन तिच्यावर घटस्फोटित बायकोच्या हातच्या कुसकुसाचं हॉटेल काढायचंय. उद्घाटनाच्या रात्री पाहुणे बसलेत, मासे तयार आहेत आणि दाण्याचं भांडं मात्र मुलाच्या गाडीच्या डिकीत. पाहुण्यांत आपली प्रेयसी दिसल्यामुळे तो मुलगा गुपचूप सटकलाय, आणि गाडीसोबत जेवणही गेलंय. एकाची हौस दुसऱ्याच्या भानगडीत अडकते. इथे ‘बी’ म्हटलं तर प्रेक्षक पेरणीची वाट पाहत बसेल.

म्हणून माझं मत : ‘दाणा आणि बोई’. दाण्यामुळे ‘दाणापाणी’ही आपसूक आठवतं, आणि ज्याचं गोदीतलं दाणापाणी उठलंय त्याच्या गोष्टीला ते शोभतंय. ‘बोय’ असंही म्हणतात, पण पोस्टरवर ते ‘बॉय’ वाचलं जाईल.