हळू जेवायची सवय कशी लावायची? चावणं मोजू नका, हात थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेवण पाच-सहा मिनिटांत संपतं, मग पोट जड होतं, ढेकर येत राहतात. प्रत्येक घास ३२ वेळा चावायचा नियम करून पाहिला, पण दोन-तीन दिवसांपलीकडे टिकला नाही. तर हळू जेवायला शिकायचं कसं?

३२चा नियम टिकला नाही यात तुमचा दोष नाही. घाईने जेवणारा कमी चावतो हे खरं, पण का कमी चावतो ते बघा. घास तोंडात असतानाच त्याचा हात पुढच्या घासाच्या तयारीला लागलेला असतो. चमचा भरून ताटाच्या काठावर तयार, कधी तर ओठांपाशीच. पुढचा घास असा दारात उभा राहिला की आतला कसाबसा गिळला जातो, किंवा पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला जातो. खरा वेग हाताचा असतो, जबडा फक्त त्याच्या मागे धावतो. म्हणून माझं उत्तर एका वाक्याचं आहे: तोंड पूर्ण रिकामं होईपर्यंत हात ताटाकडे न्यायचा नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं एवढी एक गोष्ट जमावी म्हणून.

मोजून चावण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी घास तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, असा मोठा प्रचार केला होता. त्यांच्या नावावरून या पद्धतीला फ्लेचरिझम म्हणू लागले. फ्लेचर डॉक्टर नव्हते, व्यापारी होते. या पद्धतीतली अडचण साधी आहे. पिकलेलं केळं दहा वेळा चावायच्या आतच तोंडात विरघळतं, आणि कच्च्या गाजराचे कण तीस वेळा चावूनही जिभेला लागतात. सगळ्या पदार्थांना एकच आकडा लावला की काही घास उगाच चघळत बसावे लागतात आणि काही कच्चेच गिळले जातात. शिवाय मनात आकडे चालू असले की चवीकडे लक्ष राहत नाही, आणि जेवण म्हणजे शिक्षा वाटायला लागते.

मग चावून झालं हे ओळखायचं कसं? एक घास घ्या आणि फक्त तोंडात काय होतंय तिकडे लक्ष द्या. जीभ घास दाढांकडे सरकवते, गाल तो आतून पुन्हा दाढांवर आणतात. प्रत्येक चावण्यागणिक तुकडे बारीक होतात आणि त्यांत लाळ मिसळते. सुरुवातीला कण सुटे असतात, जिभेवर पसरतात, टोचतात. हळूहळू ते एकमेकांना धरतात आणि एक ओला, गुळगुळीत गोळा होतो. हा गोळा जिभेने टाळूवर दाबून बघा. कडक तुकडा लागला नाही, तर गिळा. गिळल्यावर जीभ एकदा दाढांच्या मागे आणि गालांच्या कोपऱ्यांत फिरवा, उरलंसुरलं आणून तेही गिळा. आता तोंड रिकामं झालं, हात उचलायला हरकत नाही. यात कुठलाही आकडा लागत नाही, आणि पदार्थाप्रमाणे वेळ आपोआप कमी-जास्त होते.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगतो, कारण कारण पटलं की सवय टिकते. पोट भरल्याची खबर मेंदूला दोन वाटांनी जाते. जठर ताणलं गेलं की व्हेगस मज्जातंतूतून संदेश जातो. आणि अन्न लहान आतड्यात उतरू लागलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१, पीवायवाय अशी संप्रेरकं रक्तात येतात. ती भूक शमवतात. ही दुसरी वाट सावकाश चालते, तिचा परिणाम नीट जाणवायला साधारण १५ ते २० मिनिटं जातात. सहा मिनिटांत जेवून उठणाऱ्याचं ताट ही खबर पोचायच्या आत रिकामं झालेलं असतं. भूक शिल्लक वाटते म्हणून तो आणखी वाढून घेतो, आणि अर्ध्या तासाने पोट तट्ट होतं. ढेकरांचं कारण वेगळं: भराभर गिळताना प्रत्येक घासाबरोबर थोडी जास्त हवाही पोटात जाते. जडपणात अर्धवट चावलेल्या तुकड्यांचाही वाटा असतो. जठरातून पुढे जाण्याआधी घट्ट अन्न साधारण एक-दोन मिलिमीटरच्या कणांइतकं बारीक व्हावं लागतं. दाढांनी ते काम केलं नाही तर जठराला घुसळत बसावं लागतं.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिल्या दिवशी काहीही बदलू नका, फक्त मोजा. रोजच्यासारखं जेवताना घड्याळ लावा आणि घास मोजा. समजा ४० घास आणि ६ मिनिटं झाली, तर एका घासाला ९ सेकंद पडले. घास थोडे लहान करून तेच जेवण ५५ घासांचं केलं आणि प्रत्येकाला २० सेकंद दिले, तर १८ मिनिटं होतात. म्हणजे फरक फक्त घासामागे दहा-अकरा सेकंदांचा आहे, आणि हात रिकामा ठेवला की तो आपसूक पडतो. पण ६ वरून थेट १८ वर उडी मारू नका. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवा, जमलं की पुढची दोन. दिवसातलं एकच जेवण निवडा, शक्यतो जे घाईचं नाही ते. तिन्ही जेवणं एकदम सुधारायला गेलात की कामाच्या दिवशीचं जेवण सगळी सवय मोडून टाकतं.

हात थांबवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चमचा किंवा काटा वापरत असाल तर घास तोंडात गेला की तो खाली ठेवायचा, बोटांतून सोडायचा. नुसता हातात धरून ठेवलात तर दोन-तीन घासांत तो आपोआप भरायला लागतो. हाताने जेवत असाल तर बोटं ताटाबाहेर, ताटाच्या काठाच्या पलीकडे टेकवायची. ताटात राहिलेली बोटं पुढचा घास कालवत बसतात, आणि तुम्हाला कळतही नाही. पहिले काही दिवस हे अवघडल्यासारखं वाटेल, रिकाम्या हाताचं काय करावं ते सुचणार नाही. मांडीवर ठेवा.

घासाचा आकार: तोंड मिटल्यावर एका बाजूचा गाल बाहेर फुगत असेल किंवा जिभेला घास फिरवायला जागा उरत नसेल, तर घास मोठा आहे. मोठा चमचा बाजूला ठेवून चहाचा चमचा घ्या. मात्र चमचा लहान आणि हात दुप्पट वेगाने, असंही होतं. म्हणून छोटा चमचा हा फक्त मदतनीस, मुख्य नियम हात थांबवण्याचाच.

सगळ्यात जास्त चुकतं ते पहिल्या तीन-चार मिनिटांत. भूक कडकडीत असते, आणि पहिल्या पाच घासांत जो वेग धरला जातो तोच शेवटपर्यंत राहतो. सहा-सात तास उपाशी राहून ताटावर बसलात तर कुठलीही युक्ती चालणार नाही. अशा दिवशी जेवणाच्या तास-दीड तास आधी एखादं फळ किंवा मूठभर सुकामेवा खा. आणि जेवताना लक्ष फक्त पहिल्या पाच घासांवर ठेवा. ते नीट झाले की पुढचे बरेचसे त्याच चालीवर जातात. पूर्ण जेवणभर जागरूक राहायचं ठरवलं तर दहाव्या घासाला विसर पडतो आणि मग चिडचिड होते. विसरलात हे मध्येच लक्षात आलं, तर त्या क्षणी चमचा खाली ठेवा, बस.

ताटात काय आहे यावरही वेग ठरतो, आणि याकडे फार थोडे लोक बघतात. मऊ, चावावंच न लागणारं अन्न कितीही मनावर घेतलं तरी भरभर जातं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात बनलेलं, बहुधा मऊ) आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं होतं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. जास्त खाण्याचं कारण एकटा वेगच, असं त्यावरून म्हणता येत नाही, पण आपल्या कामाचा धडा त्यात आहे: मऊ पदार्थाबरोबर काहीतरी दातांना काम देणारं ठेवा. कच्च्या भाज्यांच्या फोडी, सालासकट फळ, अख्खी कडधान्यं. फोडी बारीक किसू नका, बोटाएवढ्या ठेवा. फळाचा रस काढण्याऐवजी फळच खा.

पाण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. जेवताना पाणी पिण्यात अपाय नाही. अपाय आहे तो घास तोंडात असताना घोट घेऊन तो खाली ढकलण्यात. तोंड रिकामं झालं की मगच घोट. उलट दर पाच-सहा घासांनी असा एक घोट घेतला तर तोच छोटा थांबा होतो. घास कोरडा असून गिळवत नसेल, तर आणखी थोडं चावा. लाळ सुटायला वेळ लागतो. एक गोष्ट मात्र करू नका: वेग कमी व्हावा म्हणून चटका बसेल इतकं गरम खाऊ-पिऊ नका. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं पिणं बहुधा कर्करोगकारक आहे, असं वर्गीकरण कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१६ मध्ये केलं आहे.

फोन आणि टीव्ही बंद, हे तुम्ही ऐकलेलं असणारच. लक्ष पडद्यावर असलं की हात स्वतःच्या चालीने चालतो आणि किती खाल्लं हे नंतर आठवतही नाही. एकदम जमत नसेल तर पहिली दहा मिनिटं तरी पडदा उलटा ठेवा. सोबतच्या माणसाचा वेगही नकळत उचलला जातो. घरात सगळेच भराभर जेवत असतील तर सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याच्या शेजारी बसा. बाकीचे उठले तरी तुम्ही बसून राहणार आहात, हे आधीच सांगून टाका, म्हणजे शेवटचे घास संकोचापायी कोंबले जात नाहीत.

ताट निम्मं झालं की एक मिनिट थांबा आणि स्वतःला विचारा: आत्ता हे ताट कुणी उचललं तर मला चालेल का? सुरुवातीला उत्तर नेहमी नाहीच येईल. दोन-तीन आठवड्यांत कधीतरी चालेल असं वाटतं, आणि त्या दिवशी खरोखर थांबा. थांबण्याचा हा अनुभव आला नाही तर हळू जेवणं म्हणजे तेवढंच अन्न जास्त वेळात खाणं होऊन बसतं.

येणाऱ्या अडचणी अशा. अन्न गार होतं: अर्धंच वाढून घ्या, उरलेलं झाकून ठेवा. जबडा दुखतो: पहिल्या आठवड्यात थोडा ताण जाणवणं समजू शकतो, पण एकाच बाजूने चावत असाल तर बाजू बदला. वेळच नाही, जेवणाची सुट्टी १५ मिनिटांची आहे: मग पूर्ण जेवण त्यात कोंबू नका, दोन भाग करा, एक सुट्टीत आणि दुसरा दोन-तीन तासांनी. रात्री पुन्हा भूक लागते: कधीकधी वेळ लावून जेवताना तुम्ही खरंच गरजेपेक्षा कमी खाल्लेलं असतं, तेव्हा खा, उपाशी झोपू नका.

वजनाची अपेक्षा माफक ठेवा. सावकाश खाल्लं की त्या जेवणात खाल्लं जाणारं प्रमाण सरासरी थोडं कमी होतं, एवढं अभ्यासांतून दिसतं. पण तेवढ्याने वजन आपोआप उतरेल, असं मी सांगणार नाही. ढेकर आणि जडपणा मात्र बहुतेकांना लवकर कमी झालेला जाणवतो.

काही वेळा घाईचं कारण सवय नसून दुखणं असतं. दात दुखतो किंवा कवळी नीट बसत नाही, म्हणून चावणं टाळलं जातं. आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. घास छातीत अडकल्यासारखा वाटत असेल, गिळताना दुखत असेल, जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर तपासणी लांबवू नका. आणि घास, मिनिटं, कॅलरी यांचा हिशेब दिवसभर डोक्यात फिरायला लागला, जेवायची भीती वाटायला लागली, तर घड्याळ लगेच बंद करा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

तसं काही नसेल तर महिन्याने तेच जेवण, तितक्याच भुकेवर, पुन्हा एकदा मोजा. घासामागे १५ सेकंद आले तरी पुष्कळ आहे. त्यानंतर घड्याळाची गरज नाही. घाईच्या दिवसांत वेग परत वाढेलच, तेव्हा पुन्हा फक्त पहिले पाच घास आणि खाली ठेवलेला चमचा.