‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणून लावलेली गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी आहात, पुण्यात दिवसभर क्लिनिक, मेडिकल आणि हॉस्पिटलं करता. गाडी पल्सर 125, तिसरं वर्ष चालू, पुढे डिस्क. शेजाऱ्यांची गाडी बँकेबाहेरून भरदुपारी चोरीला गेली म्हणून धास्ती बसलीय. कुलपाची साखळी वागवायचा कंटाळा येतो आणि सायरन घ्यावा की जीपीएस, हे ठरत नाही. माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. चोरीला जाऊन पोलिसांकडून परत मिळालेल्या गाड्या दुरुस्तीला येतात, त्यामुळे गाड्या कुठे कुठे फोडतात ते डोळ्यांखालून गेलेलं आहे.

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. दिवसातून दहा-पंधरा वेळा थांबणाऱ्या माणसाने सगळ्यात दणकट कुलूप शोधू नये, सगळ्यात कमी कटकटीचं शोधावं. जाडजूड साखळी पहिल्या आठवड्यात हौसेने लागते, दुसऱ्या आठवड्यात फक्त दुपारच्या जेवणाच्या वेळी, आणि महिन्याभरात ती घरी कोनाड्यात पडलेली असते. हात मळतात, शर्टाला ग्रीस लागतं, डॉक्टरांसमोर त्याच शर्टात जायचं असतं. तेव्हा उतरल्यापासून दहा सेकंदांत लागेल आणि दहा सेकंदांत निघेल तेवढंच दिवसाच्या कामाचं. साखळी रात्रीसाठी ठेवा, ती वाया जाणार नाही.

आता गाडी जाते कशी ते बघू. पहिला प्रकार, चावी गाडीलाच. हसू नका. दूध घ्यायला, एटीएमला, मेडिकलमधून क्रोसिन आणायला उतरलेली माणसं सर्रास चावी तशीच सोडतात. पावसाळ्यात तर पुन्हा स्टार्टर मारायचा कंटाळा म्हणून इंजिनही चालू असतं. स्मार्ट-की वाल्या स्कूटरला चावी दिसत नाही म्हणून मालक निर्धास्त, आणि रिमोट समोरच्या कप्प्यात! इथे चोराला हत्यार लागत नाही, फक्त हेल्मेट लागतं.

दुसरा प्रकार झिजलेल्या कुलपाचा. जुन्या स्प्लेंडर, पॅशन, ॲक्टिव्हा यांची कुलपं वापरून वापरून इतकी सैल होतात की भलतीच चावीही फिरते. तुमच्या गाडीची परीक्षा घरीच घ्या: चावी ‘ऑन’वर असताना ती बाहेर ओढून बघा. निघून आली तर आतल्या पत्र्या गेल्या, कुलूप बदला. नुसतं तेल सोडून हे दुरुस्त होत नाही. टाकीचं झाकण आणि इग्निशन यांना वेगवेगळ्या चाव्या नको असतील तर पूर्ण लॉकसेट घ्यावा लागतो.

तिसरा प्रकार हँडल लॉक मोडण्याचा, आणि दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत हाच जास्त दिसतो. हँडल लॉक म्हणजे शेवटी एक पिन; ती खाचेत बसते आणि हँडल अडवते. जोराचा हिसका बसला की ती तुटते किंवा वाकते. त्यानंतर वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करतात, नाहीतर सरळ टोचन. टोचनला तर गाडी चालूही करावी लागत नाही. एक जण चोरलेल्या गाडीवर बसतो आणि दुसरा मागून आपल्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेतो. बघणाऱ्याला वाटतं, पेट्रोल संपलं असेल बिचाऱ्याचं. एखादा सज्जन ‘पंप पुढे डावीकडे आहे’ असंही सांगतो.

म्हणून हँडल लॉक लावायचंच, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. ते नीट लागलंय का हेही बघत चला. बरेच लोक हँडल डावीकडे वळवतात आणि चावी ‘ऑफ’वरच काढून घेतात, पिन खाचेत गेलेलीच नसते. चावी काढल्यावर हँडल एकदा हलवून बघायची सवय ठेवा. आणि त्याच्या जोडीला चाक अडवणारं काहीतरी हवं, कारण चाकच फिरलं नाही तर डायरेक्टही नाही आणि टोचनही नाही.

तुमच्या गाडीला पुढे डिस्क आहे, तेव्हा सरळ डिस्क लॉक घ्या. खिशात मावतो, दोन हातांचंही काम नाही. घेताना मात्र गाडी घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या डिस्कची भोकं बारीक असतात. मोठ्या गाड्यांसाठीचा जाड पिनेचा लॉक त्यात जातच नाही. पाच-सहा मिलिमीटरची पिन साधारण बसते. ऑनलाइन मागवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. लॉक पुढच्या चाकाला, कॅलिपरच्या (डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याच्या) अगदी लगत लावायचा, म्हणजे गाडी इंचभर हलली की अडते. चाकाच्या वरच्या भागात, जमिनीपासून दूर ठेवा. खाली टेकलेल्या कुलपावर हातोडा मारायला जमिनीचा आधार मिळतो. एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी) गाडी असेल तर आतल्या बाजूला पातळ खाचांची एक चकती असते, तिच्यात लॉक अडकवू नका. ती वाकली की सेन्सरचं काम बिघडतं. रंग भडक घ्या, पिवळा किंवा नारिंगी. काळा लॉक चोराला दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही.

डिस्क लॉकचं खरं दुखणं वेगळंच आहे. घाईत विसरून गाडी पुढे काढली की लॉक कॅलिपरवर आपटतो. डिस्क वाकते, कॅलिपरचा दांडा चेपतो, कधी माणूसच पडतो. चोरीपेक्षा या कारणाने गॅरेजला आलेल्या गाड्या मी जास्त बघितल्यात. त्यासाठी लॉकबरोबर गुंडाळीची वायर मिळते. तिचं एक टोक लॉकला आणि दुसरं ॲक्सिलरेटरच्या मुठीला किंवा ब्रेकच्या दांडीला अडकवायचं. दिसायला गबाळं दिसतं, पण एमआरच्या घाईत तीच वाचवते. ती नाही लावली तर डिस्क लॉक घेऊच नका, असंच मी गिऱ्हाइकांना सांगतो.

ज्यांना पुढे ड्रमब्रेक आहे त्यांनी ग्रिप लॉक बघावा. तो ॲक्सिलरेटरची मूठ आणि ब्रेकची दांडी एकत्र आवळून धरतो. उभ्या उभ्या लागतो, वाकावं लागत नाही आणि लांबून दिसतो. रात्रभरासाठी मी त्यावर विसंबणार नाही, कारण करवतीपुढे तो फार टिकत नाही. पण भरदिवसा मेडिकलसमोर करवत काढून कोण बसणार? दहा मिनिटांच्या थांब्यात चोर शेजारची बिनकुलपाची गाडी बघतो. हे शेजारच्याच्या दृष्टीने वाईट आहे, पण तसंच आहे.

सायरनबद्दल विचारलंत. सायरनवाला डिस्क लॉक साधारण 110 डेसिबलचा असतो, म्हणजे चांगलाच कर्कश. पण तो ऐकणार कोण, हा प्रश्न आधी विचारा. रात्री सोसायटीत चार वेळा मांजर चढून वाजला की पाचव्यांदा कोणी खिडकीशी येत नाही. दिवसाच्या छोट्या थांब्यात मात्र तो खरोखर उपयोगी, कारण मालक हाकेच्या अंतरावर असतो. तळमजल्यावरचं क्लिनिक, टपरी, मेडिकल इथे जरूर. तिसऱ्या मजल्यावरच्या एसी वेटिंग रूममध्ये बसणार असाल तर वाजला काय आणि न वाजला काय. पावसात आत पाणी गेलं की सेल गंजतात. जून ते सप्टेंबर साधा लॉक वापरा.

आता जागा. यावर लोक पैसे खर्च करायला तयार असतात, पण वीस पावलं चालायला तयार नसतात. गाड्यांच्या रांगेत टोकाला लावू नका, मधे लावा. काढायला दोन हँडलं सोडवावी लागली तरी चालेल, चोरालाही तीच सोडवावी लागतात. बोळाच्या तोंडाशी, हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला, मंगल कार्यालयाच्या बाहेर अंधारात नको. सराफाचं दुकान किंवा बँक असेल तर त्यांचा कॅमेरा रस्त्याकडे असतो आणि वॉचमनही असतो. त्या वॉचमनला रोज हात करा, नाव विचारा. हॉस्पिटलच्या आवारातली गर्दी फसवी असते. तिथे प्रत्येक माणूस आपल्या काळजीत असतो, दुसऱ्याच्या गाडीवर कोण बसतंय हे बघत नाही. मंडई, स्वारगेट, पुणे स्टेशन इथेही तेच. हायवेला ढाब्यावर थांबलात तर आधी टेबल ठरवा, मग त्या टेबलावरून दिसेल तिथे गाडी लावा. बरेच जण उलटं करतात. दोघे मित्र असाल तर एकाच साखळीत दोन्ही गाड्यांची चाकं.

तुमच्या धंद्यात आणखी एक अडचण आहे: डॉक्टरांच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे तुमची गाडी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभी. पाळत ठेवणाऱ्याला याहून सोपं काय? वेळ बदलता येत नाही, पण जागा बदला. कधी या बाजूला, कधी त्या.

सॅम्पलची बॅग गाडीला अडकवून जाऊ नका हे सांगायला नको. बँकेचं मात्र सांगतो. रोकड काढून सीटखाली किंवा डिकीत ठेवली असेल तर वाटेत थांबायचंच नाही. ‘काका, तुमचे पैसे पडलेत’, ‘ऑइल गळतंय बघा’ हे जुने डाव अजून चालतात. स्कूटरची सीट तर कडेने ओढूनही हात घालण्याइतकी उचलते.

आता विमा, आणि हे कृपया आजच बघा. सप्टेंबर 2018 पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे लोक म्हणतात, ‘माझा पाच वर्षांचा विमा आहे.’ थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, त्यात चोरी येत नाही. चोरी येते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात, आणि तो बहुतेकांनी शोरूममधून एकाच वर्षाचा घेतलेला असतो. तुमचं तिसरं वर्ष चालू आहे, म्हणजे तो संपून गेला असण्याचीच शक्यता जास्त. पॉलिसी काढून दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या वाचा. भरपाई आयडीव्हीइतकी, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी मिळते; दोन ते तीन वर्षांच्या गाडीसाठी कंपनीच्या किमतीतून 30 टक्के घसारा वजा होतो. चोरीच्या क्लेमला दोन्ही मूळ चाव्या मागतात, म्हणून दुसरी चावी घरी जपून ठेवा, डिकीत कधीच नको. चावी गाडीला लावून गेलात तर काळजी घेतली नाही म्हणून क्लेम नाकारतात किंवा कापतात. एजंट म्हणेल, चोरीविरोधी यंत्र लावा, हप्त्यात सवलत मिळते. मिळते, पण एआरएआयने (वाहनं तपासणारी आपल्या पुण्यातलीच संस्था) मान्य केलेल्या यंत्राला, ओन डॅमेजच्या हप्त्यावर अडीच टक्के. बाइकच्या हप्त्यावर ते किती होतात याचा हिशेब तुम्हीच करा.

आरसीची मूळ प्रतही गाडीत ठेवू नका. मोबाइलमधल्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली चालते, आणि गाडीबरोबर कागदही गेले तर चोराला गाडी विकणं सोपं होतं.

समजा गाडी जागेवर नाही. आधी खाली रस्त्यावर बघा, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा: टेम्पोने उचलली का? नो-पार्किंगमधली गाडी वाहतूक पोलिसांनी नेलेली असते आणि मालक चौकीत चोरीची तक्रार लिहीत बसतो, असं पुण्यात होतंच. तसं नसेल तर लगेच 112 आणि जवळचं पोलीस ठाणे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शांतपणे सांगा की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे. चोरीचं कलम आता न्याय संहितेचं 303. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. पण कोर्टापर्यंत जायची हौस कशाला? गाडी सापडली नाही तर पोलिसांचा अंतिम अहवाल, म्हणजे ‘अ समरी’, लागतो. त्याचा पाठपुरावा आपणच करायचा. पुढचे काही दिवस ई-चलनाचे मेसेजही बघत राहा. आपल्या गाडीवर दुसऱ्याच कुणीतरी सिग्नल तोडल्याचं चलन आलं तर त्यातला फोटो आणि ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवा.

राहिला जीपीएस. तो चोरी थांबवत नाही, गाडी गेल्यावर शोधायला मदत करतो, म्हणून डिस्क लॉकनंतर त्याचा नंबर. घ्यायचा तर स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या, नाहीतर गाडीची बॅटरी काढली की तो मुका. सिमचा रिचार्ज संपला की तोच प्रकार. तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर काही स्वस्त यंत्रं बॅटरी पिऊन टाकतात. एअरटॅग वगैरे वस्तू शोधायचे छोटे टॅग आजूबाजूच्या आयफोनवर चालतात, शहरात बरे, गावाकडे बेभरवशाचे, आणि सोबत फिरणाऱ्या अनोळखी टॅगची सूचना चोराच्या फोनलाही जाऊ शकते. जीपीएस बसवताना मुख्य हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापून जोड मारू देऊ नका, वॉरंटीच्या वेळी त्यावरून वाद होतो. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने तिथे जाऊ नका. लोकेशन पोलिसांना द्या, त्यांच्याबरोबर जा.