"माझ्या भक्तीला फॅटच लागत न्हाई, मॅडम"

"देव दयाळू आहे म्हणतात, मग सगळं माझ्याच वाट्याला का?" मी समुपदेशक. हे वाक्य माझ्यासमोर बसून किती जणांनी उच्चारलं असेल, मी मोजलेलं नाही. कर्जात बुडालेला कोल्हापूरच्या उद्यमनगरातला वर्कशॉपवाला, मुलीचं लग्न मोडलेली आई, तिसऱ्यांदा नापास झालेला पोरगा. माणसं वेगळी, प्रश्न तोच. म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

करवीर तालुक्यातलं पंचगंगेकाठचं गाव. २०१९ च्या महापुरात घराची मागची भिंत गेली, २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. भिंत उभी राहते न राहते तोच नवऱ्याला अर्धांगवायू. घरी दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेला माणूस. मुलगा पुण्यात, फोन कधीतरी. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे काकूंची झोपही दोन-दोन तासांच्या तुकड्यांची. भाचीनं त्यांना जवळजवळ ओढतच माझ्याकडं आणलं होतं.

"मी पहाटे चारला उठतो, शेण काढतो, धार काढतो, दिवा लावतो. अकरा शुक्रवार झालं, एकवीस झालं. जोतिबाला पाच रविवार चालत गेलो. अंबाबाईनं माझ्याकडं बघितलंच न्हाई." (आमच्याकडं बायकाही 'उठतो-बसतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी बिचकू नये.)

पहिल्याच भेटीत मी चुकले. "देव परीक्षा बघतोय" म्हणणाऱ्या पाहुण्यारावळ्यांना त्या विटल्या होत्या, ते मला दिसलं आणि मी घाईनं म्हणाले, "देवाचं राहू दे काकू, आधी झोपेचं बघू." त्यांचा चेहरा मिटला. ज्याच्या आधारावर बाई उभी आहे तेच बाजूला ठेवा म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे त्रासामागची मनातली समजूत तपासून बघणाऱ्या समुपदेशनात, तयार झाले. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः देव मानत नव्हते. पण समोरच्याचा देव काढून घेणं हे माझं काम नव्हे. त्या देवाबद्दल तो मनात काय धरून बसलाय, ते त्याच्यासोबत तपासून बघणं हे माझं काम.

ते चौथ्या भेटीत हाती लागलं, आणि तेही काकूंच्याच तोंडून.

"डेअरीला दूध घातलं की दहा दिवसांनी बिल येतंय न्हवं? फॅट चांगली लागली की दर चांगला. माझ्या भक्तीला फॅटच लागत न्हाई, मॅडम."

मला हसू आलं. त्याही हसल्या. मी विचारलं, "मग अंबाबाई काय दूध संस्थेची सेक्रेटरी आहे?"

"छे! आई हाय ती."

"आई फॅट बघून जेवायला वाढते?"

त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. पदर डोळ्यांना गेला. पुढची दहा मिनिटं त्या रडत होत्या आणि मी गप्प होते. असं गप्प बसणं मला फार उशिरा जमायला लागलं. पूर्वी मी लगेच समजावायला धावायची.

त्या दहा मिनिटांत मला एक गोष्ट लख्ख दिसली. काकूंना ओझ्यानं वाकवलं होतं, पण मोडलं होतं ते 'मीच कुठंतरी कमी पडलो' या हिशेबानं. भक्ती पुरेशी असती तर संकट आलंच नसतं, असं एकदा मनानं धरलं की प्रत्येक नवं संकट ही आपल्यावरची तक्रार वाटायला लागते. मग दया दिसणार कशी? माणूस बिलाकडं डोळे लावून बसलेला असतो.

पुढच्या भेटीत विचारलं, मदतीला कोण येतं? त्यांची जाऊ शेजारच्याच घरात. डबा घेऊन यायची, रात्री थांबू का म्हणायची. काकू परत पाठवायच्या. "माझा भोग मी भोगतो, तिला कशाला?"

काकूंना जात्यावरच्या ओव्या पाठ. म्हणून म्हटलं, "जनीच्या जात्याला हात लावायला विठ्ठल आला, तेव्हा जनी काय म्हणाली? 'नको देवा, माझं मी दळतो'?"

त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे जाऊच्या रूपानं..."

"ते मी कशी सांगू? पण खुंट्याला हात लावायला कुणीतरी आलंय आणि तुम्ही दार लावून घेताय."

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, म्हणून जरा मिरवते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्याच अवस्थेत असेल, तर त्यांच्याशीही थोडं बोलते. देवाशी भांडावंसं वाटलं तर भांडा. तुकोबांनी विठ्ठलाला काय कमी सुनावलंय? जिच्यावर रागावता येतं तीच आपली आई. अपुऱ्या झोपेवर कडक उपास करू नका, शरीर खचलं की श्रद्धाही खचल्यासारखी वाटते. आणि आपलं पाणी मोजत जा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा असतो, ४३ ला धोका. शहाणी माणसं इशाऱ्यालाच जनावरं सोडून वर नेतात. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण त्रेचाळीसच्या वर गेलं तरी "बरं चाललंय" म्हणतो. झोप-भूक दोन आठवडे उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर देवाकडं जाच, पण डॉक्टरांकडंही जा. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

काकूंना मी दर भेटीत विचारायची, "आज किती फूट?" सुरुवातीला उत्तर पन्नासच्या पुढंच असायचं. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "सदतीस-अडतीस." नवरा तसाच आहे, मुलाचे फोनही तसेच. जाऊ आता शुक्रवारी रात्री त्यांच्याकडं झोपायला येते.

"गेल्या शनवारी साडेसहाला जाग आली, मॅडम. धार जावेनंच काढली. दिवा लावायला आठ वाजलं." मग इकडं-तिकडं बघून, आवाज खाली आणत, "देवी काय बोलली न्हाई."