इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या मास्टर्समध्ये लेखी परीक्षेपेक्षा प्लेसमेंटला (म्हणजे एखाद्या संस्थेत काही आठवडे प्रत्यक्ष काम करण्याला) जास्त मार्क, हे बरोबर आहे का?

माझ्या मते अगदी बरोबर आहे. डब्लिन कोअरचे (फाइलबद्दलची माहिती, म्हणजे मेटाडेटा, नोंदवायच्या स्टँडर्डचे) क्रिएटर वगैरे १५ एलिमेंट्स पाठ करून कोणीही लिहून येईल हो, पण शेअर्ड ड्राइव्ह उघडल्यावर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' अशा तीन फायली दिसल्या की त्यातली खरी कुठली, कोणाला विचारायचं, किती वर्षं ठेवायची, कुठली काढून टाकायची हे ठरवताना खरा कस लागतो आणि तो तीन तासांच्या पेपरात कळत नाही.

फक्त प्लेसमेंटची डायरी नीट लिहा. "आज मेटाडेटा भरला" एवढ्याला मार्क मिळत नाहीत. मी एकदा क्रिएटरच्या रकान्यात रिपोर्ट टाइप करणाऱ्याचं नाव टाकलं होतं, मॅडमनी एवढंच विचारलं की मजकूर तयार करण्याची जबाबदारी कोणाची होती, मग तिथे विभागाचं नाव आलं. ते का बदललं हे लिहिलं आणि त्याच पानाला सगळ्यात चांगला शेरा मिळाला.

आणि हो, काय काय शिकायचंय ते जॉइन व्हायच्या आधीच कॉलेज, सुपरवायझर आणि तुम्ही मिळून लेखी ठरवून घ्या, नाहीतर सगळे आठवडे नुसतं स्कॅनिंग करण्यात जातात.