स्टार्ड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये फार्मिंग कौशल्यासाठी टिलर हा व्यवसाय (प्रोफेशन) घ्यावा की रँचर?

टिलर घ्या. लेव्हल 5 ला टिलर पिकांना 10% आणि रँचर प्राण्यांच्या उत्पादनांना 20% जास्त भाव देतो. आकडा रँचरचा मोठा दिसतो, पण खरी कमाई लेव्हल 10 च्या आर्टिझनमध्ये आहे आणि तो फक्त टिलरनंतरच मिळतो. आर्टिझनमुळे वाइन, जॅम, चीज, मेयोनीज, ट्रफल ऑइल सगळ्यांचा भाव 40% वाढतो. म्हणजे गाई-कोंबड्या पाळणाऱ्यालाही तोच सोयीचा. साधं स्टारफ्रूट गेममधल्या 750 गोल्डला जातं, त्याची वाइन 2250 ला, आणि आर्टिझन असेल तर 3150 ला. कॉफीला मात्र हा फायदा नाही.

अडतं ते केगपाशी, म्हणजे फळांची वाइन बनवणाऱ्या पिंपापाशी. एका केगला 30 लाकूड, तांब्याची एक कांडी, लोखंडाची एक कांडी आणि एक ओक रेझिन लागतं. रेझिन तयार व्हायला आठवडाभर जातो, म्हणून ओकच्या झाडांना टॅपर (रेझिन गोळा करणारं साधन) आधीच लावून ठेवा. केग कमी असतील आणि पीक कच्चंच विकत असाल, तर आर्टिझन जवळजवळ वाया जातो.

टिलरनंतर लेव्हल 10 ला आर्टिझनऐवजी मिळणाऱ्या अ‍ॅग्रिकल्चरिस्टने पीक 10% लवकर येतं, पण एन्शंट फ्रूटसारख्या पुन्हा पुन्हा फळणाऱ्या पिकाचे पुढचे तोडे लवकर येत नाहीत.

रँचर आधीच निवडलाय? म्युझियमला 60 वस्तू दिल्या की गटाराची किल्ली मिळते. तिथल्या पुतळ्याला 10,000 गोल्ड द्या; रात्री झोपताना पुन्हा निवड करता येते.