स्विस घड्याळांचे पार्ट बनवणारे छोटे कारखाने मोठ्या ग्रुपांनी विकत घेतले, मग आता इन-हाउस मशीनवालंच घड्याळ घ्यावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पहिलंच मेकॅनिकल घड्याळ आहे, बजेट दीड-दोन लाख, आणि शोरूममधला माणूस म्हणाला, "ईटीए बसवलेलं घड्याळ म्हणजे बाजारातलं मशीन, नुसत्या नावाचे पैसे." (ईटीए म्हणजे कित्येक ब्रँडांना मशीनं पुरवणारी स्विस कंपनी, आणि इन-हाउस म्हणजे ब्रँडने स्वतः बनवलेलं मशीन.) हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय. माझा सख्खा मोठा भाऊ असल्याच एका शोरूममध्ये आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

छोटे कारखाने मोठ्यांच्या घशात जाणं हे काही गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं नाही. १९२६ सालीच ए. शिल्ड (एएस), ए. मिशेल आणि एफएचएफ या कच्ची, म्हणजे जोडणी-सजावट बाकी असलेली, मशीनं बनवणाऱ्या तीन बड्या कारखान्यांनी मिळून एबोश एसए काढली आणि बाकीच्यांना एकेक करून आत ओढलं. कारण होतं भावाची मारामारी. जो तो सुटे भाग पेट्यांत भरून परदेशी पाठवायचा, तिथे कोणीतरी ते स्वस्तात जोडायचा, आणि शेवटी स्विस कामगाराच्याच पोटावर पाय यायचा. मग १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन तडाख्यात, बँकांनी आणि स्विस सरकारने पैसे घालून असुआग नावाची होल्डिंग कंपनी उभी केली. एबोश तिच्याखाली गेली, शिवाय बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक), हेअरस्प्रिंग (त्याला झुलवणारी केसासारखी स्प्रिंग) आणि एस्केपमेंट (ताकद टिकटिक करत थोडी थोडी सोडणारा भाग) बनवणारेही. १९३४ पासून तर सरकारी परवान्याशिवाय नवा कारखाना काढता येईना आणि सुटे भाग मनाला येईल तसे बाहेर पाठवता येईनात. सरळसरळ कार्टेल. आणि माझ्या मते त्या कार्टेलने जगभरच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचं भलंच केलं. डायलवर नावं शेकड्यांनी, पण आत मशीनं मोजकी. एकाचा पार्ट दुसऱ्याला चालायचा.

आमचं दुकान पुण्यात, रविवार पेठेत. भिंतीला लागून बाबांच्या वेळचं लाकडी कपाट आहे, त्याला चपटे ड्रॉवर. प्रत्येकावर बाबांच्या तिरक्या अक्षरात मशीनचा नंबर: एएस ११३०, एफएचएफ ९६, युनिटास ६४९८. आत काचेच्या नळ्या आणि कागदाच्या पुड्या. बाबा मुंबईला गेले की क्रॉफर्ड मार्केटमागच्या गल्ल्यांत मटेरियलवाल्यांकडे दिवस काढायचे आणि रात्रीच्या गाडीने पुड्या घेऊन यायचे. घरी साखर संपलेली चालायची, बॅलन्स स्टाफ, म्हणजे बॅलन्सची दांडी, संपलेला चालायचा नाही. बाबा गेल्यावर दादा म्हणाला, हे सगळं किलोवर देऊन टाक, तेवढ्या जागेत काचेचं शोकेस बसेल. मी नाही म्हटलं. तेव्हापासून आमचं वाजतंय.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राध्यापक दुकानात आले. काकांनी काउंटरवर दोन घड्याळं ठेवली. एक त्यांच्या वडिलांचं, हाताने चावी द्यायचं, डायल पिवळी पडलेली, नाव असं की कोणी ऐकलेलंही नसेल. दुसरं जावयाने साठीला दिलेलं, मोठ्या ब्रँडचं, इन-हाउस ऑटोमॅटिक. मागे काच, आत सोनेरी रोटर, दिसायला देखणं हे मान्यच. दोन्ही कपाटातून एकाच वेळी फरशीवर पडली होती.

आधी जुनं उघडलं. त्याला शॉकप्रूफ नव्हतं, म्हणजे काय झालं असणार ते उघडायच्या आधीच कळलं होतं. बॅलन्स चिमट्याने उचलून आयग्लासखाली धरला, तर स्टाफचं वरचं टोक गायब. ते टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंच जाड असतं, आणि सगळा बॅलन्स त्यावर फिरतो. बॅलन्सच्या जागेखाली, प्लेटवर, एएसची खूण आणि नंबर कोरलेला होता. ड्रॉवर उघडला, पुडी उघडली, आत स्टाफ. जुना स्टाफ काढला, नवा स्टेकिंग सेटवर ठेवून हलक्या ठोक्यांनी बसवला, चाक सरळ आहे ना पाहिलं, वजन एका बाजूला झुकतंय का पाहिलं, मशीन धुतलं, तेल दिलं. संध्याकाळी टाइमिंग मशीनवर रेघ जवळजवळ सरळ येत होती, म्हणजे वेळ बरोबर. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घड्याळ, आणि जो कारखाना त्याचं मशीन बनवायचा तो स्वतःच्या नावाने आज उभाही नाही.

मग दुसरं. त्यात शॉकप्रूफ असल्याने स्टाफ शाबूत होता, पण हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा उडून आतल्या वेढ्यांवर चढला होता आणि एके ठिकाणी मोड बसला होता. वेढे सोडवले. मोड चिमट्याने काढायचा तेवढा काढला. चालायला लागलं, पण डायल वर असताना एक वेळ आणि बारावर उभं धरलं की दुसरीच. तिथे नवा बॅलन्स हेअरस्प्रिंगसकटच हवा. ईटीए २८२४ असतं तर मी मुंबईला फोन केला असता आणि कुरिअरने आला असता. या कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं दोन ओळींचं, की सुटे भाग फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला देतो. काका तिकडे गेले. तिथे सांगितलं, घड्याळ बाहेरदेशी जाईल, पूर्ण ओव्हरहॉल करावाच लागेल, नुसता तो भाग बदलून मिळणार नाही, आणि कित्येक महिने लागतील. आकडा ऐकून काका परत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, वडिलांचं घड्याळ मी वापरतो. हे राहू दे लॉकरमध्ये."

दिवाळीत हे दादाला सांगितलं तर म्हणतो, ज्याला तो खर्च परवडत नाही त्याने ते घड्याळ घालू नये. जावयाने भेट दिलेल्या माणसाला हे ऐकवायचं!

आता तुमच्या प्रश्नाकडे. कारखाने एका हातात गेले म्हणून बिघडलं असं मला वाटत नाही. बिघडलं ते त्या हाताने नंतर नळ बंद केला म्हणून. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत स्विस घड्याळधंद्यातल्या नोकऱ्या १९७० च्या सुमाराला होत्या त्या ९० हजारांच्या घरातून ८० च्या दशकात ३० हजारांच्या आसपास आल्या. बँकांनी निकोलस हायेक यांना सल्लागार नेमलं आणि १९८३ मध्ये असुआग आणि ओमेगा-टिसॉटवाली एसएसआयएच एकत्र केली. तीच पुढे स्वॉच ग्रुप झाली. एएस, एफएचएफ, युनिटास, व्हॅलजू ही सगळी घराणी त्याच ग्रुपच्या ईटीएत विरली. युनिटास ६४९७ आणि व्हॅलजू ७७५० ही मशीनं ईटीएच्या नावाने चालू राहिली, म्हणजे नुकसान तसं थोडंच. हेअरस्प्रिंग आणि एस्केपमेंटवाले ल लोकल या स्विस गावातल्या निवारॉक्स-फार कंपनीत एकवटले, आणि बहुतेक सगळा स्विस धंदा त्यांच्याच हेअरस्प्रिंगवर चालायला लागला. इन-हाउसचा टेंभा मिरवणाऱ्या कित्येकांच्या मशीनचा श्वासही तिथूनच यायचा.

२००२ मध्ये, आता स्वॉच ग्रुपचे प्रमुख असलेल्या हायेकनी जाहीर केलं की ईटीए यापुढे बाहेरच्यांना कच्ची मशीनं देणार नाही. त्यांचं म्हणणं, सगळी गुंतवणूक आम्ही करायची आणि बाकीच्यांनी फक्त जाहिराती करायच्या का? त्यात चूक काहीच नव्हतं, हेही म्हटलं पाहिजे. पण घबराट उडाली. स्विस सरकारचा स्पर्धा आयोग मध्ये पडला, मुदती वाढत गेल्या, आणि २०१३ च्या तडजोडीत ठरलं की ईटीएने २०१४-१५ मध्ये आधीच्या सरासरीच्या ७५ टक्के, मग ६५, आणि २०१८-१९ मध्ये ५५ टक्के माल द्यायचा. २०२० च्या जुलैत आयोगाने विषय मिटवला आणि कोणाला विकायचं ते ईटीएवर सोडलं.

मधल्या काळात ज्याच्याकडे पैसा तो पार्टवाले विकत घेत सुटला. एलव्हीएमएचने २०११ मध्ये डायलवाली आर्तेकाद घेतली. एर्मेसने नातेबेर ही डायलवाली आणि जोसेफ एरार ही केसवाली घेतली. जपानी सिटिझनने २०१२ मध्ये ला जू-पेरे असलेला प्रोथोर ग्रुपच उचलला. यांना सगळ्यांना माल मिळण्याची खात्री हवी होती, कारण दुसऱ्याच्या दारात उभं राहायची भीती बसली होती. "आमचं स्वतःचं मशीन" ही जाहिरात त्या भीतीतून फोफावली. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी कोणी काही केलेलं नाही.

आणि आता दादासाठी. तू ज्या घड्याळांची पूजा करतोस त्यांची कुंडली काढ. १९७२ चं ओदेमार पिगेचं रॉयल ओक आणि १९७६ चं पाटेकचं नॉटिलस, दोन्हींच्या आत जेजर-लकूल्ट्र या तिसऱ्याच कंपनीच्या एकाच मशीनची जात. रोलेक्स डेटोनात आधी व्हॅलजू, मग १९८८ पासून २००० पर्यंत झेनिथ. रोलेक्सची इतर मशीनं बनवणारा बील या स्विस शहरातला एग्लर कारखानासुद्धा कायद्याने वेगळी कंपनी होता. रोलेक्सने तो विकत घेतला २००४ मध्ये! त्याआधी घेतलेली रोलेक्स काय कमी दर्जाची होती का?

त्या झेनिथचीही एक गोष्ट दादाने ऐकावी. ७० च्या दशकात अमेरिकन मालकांनी हुकूम काढला की मेकॅनिकलचे साचे आणि हत्यारं भंगारात द्या. शार्ल व्हेरमो नावाच्या कारागिराने ऐकलं नाही. एल प्रिमेरो मशीनच्या डाया, कॅम आणि कागद त्याने माळ्यावर नेऊन लपवले, सगळं नोंद करून. ८० च्या दशकात ते मशीन पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा त्याच माळ्यावरून सगळं खाली आलं. किलोवर दिलं असतं तर डेटोनात बसवायला काय राहिलं असतं?

तर घ्यायचं काय? तुमच्या बजेटमध्ये सेलिटा एसडब्ल्यू२०० किंवा ईटीए २८२४, २८९२ असलेलं घ्या आणि निवांत झोपा. सेलिटा ही ला शो-द-फोंची कंपनी, आधी ईटीएचीच मशीनं जोडून द्यायची. नळ बंद होणार हे दिसल्यावर तिने त्याच आराखड्यावर स्वतःची काढली. बरेचसे पार्ट एकमेकांना चालतात, सगळे नाही, तेव्हा दुरुस्तीवाल्याला आधी विचारा. दुकानात कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर, विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ब्रँडने मशीनला स्वतःचं नाव दिलं असेल तर मूळ मशीन कुठलं ते विचारा. सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

काही गोष्टी राहिल्या. ईटीएचं सगळंच दुरुस्तीला सोपं असं समजू नका. पॉवरमॅटिक ८० च्या काही आवृत्त्यांत लिव्हर आणि एस्केप व्हील प्लास्टिकचं आहे. ८० तास चालतं खरं, पण बिघडलं की अख्खं मशीन बदलायचीच भाषा होते. आणि इन-हाउस मशीनं वाईट नसतात. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला मोबाइलच्या चुंबकाचं भय नाही, जे माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांचं रोजचं दुखणं आहे. तुमच्या शहरात त्या ब्रँडचं चांगलं सर्व्हिस सेंटर असेल, पाच-सात वर्षांनी एकदा मोठा खर्च करायची तयारी असेल आणि तेच घड्याळ मनात भरलं असेल, तर घ्या. मी जे लिहिलंय ते टेबलाच्या या बाजूने, दुरुस्ती करणारीच्या नजरेने.

दादा म्हणेल, तिचा धंदाच जुन्या मशीनवर चालतो, ती असंच बोलणार. बरोबर आहे. त्याचा पगारही नव्या घड्याळांवर चालतो. त्या शोरूमवाल्याला एवढंच विचारून या की कुठल्या घड्याळावर त्याला इन्सेंटिव्ह जास्त मिळतो.