नशा सुटली तरी अंग का दुखतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीबद्दल होती, व्यसन असलेल्या माणसाचं दुखणं आणि त्याच्या रक्तात ठाण मांडून बसलेला व्हायरस. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. नाव कुणाचंच छापत नाहीये, निर्धास्त राहा.

प्रश्न: ताई, माझा भाऊ बरीच वर्षं इंजेक्शनची नशा करायचा. आता सुटलीये, नशेची ओढ थांबवायला देतात ती जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज सकाळी घेतो. पण गुडघे, मनगटं, पाठ सारखी दुखते आणि थकवा तर विचारूच नका. हिपॅटायटिस सी पण निघालाय. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले याला परत गोळ्या पाहिजेत म्हणून नाटक करतोय. आता घरचेही तेच म्हणायला लागलेत. मी कुणाचं खरं मानू?

उत्तर: भावाचं. मला हे "नाटक करतोय" ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण अशा माणसाला दुखायची खरी कारणं एक सोडून तीन-तीन असतात. एक तर हिपॅटायटिस सी नुसतं लिव्हर खात नाही, सांधे दुखणं आणि न उतरणारा थकवा हे त्याचंच काम असू शकतं, काही जणांच्या रक्तात या व्हायरसमुळे अशी प्रथिनं तयार होतात की लहान रक्तवाहिन्यांना सूज येते, मग सांधे दुखतात, पायावर लाल-जांभळे ठिपके येतात, नसाही बधिर होतात. दुसरं म्हणजे अफूच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतली की शरीराची दुखणं ओळखायची यंत्रणाच हळवी होऊन बसते, दुसऱ्याला जे किरकोळ वाटेल ते याला जोरात जाणवतं, आणि हा मेंदू-नसांमधला बदल आहे, स्वभावातला नाही. तिसरं, नशेत असताना जुन्या दुखापती झाकलेल्या असतात, नशा उतरली की त्या सगळ्या एकदम बोलायला लागतात.

एक गोष्ट मात्र आजच बघा. पाठदुखीबरोबर ताप येतोय का, पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का, लघवीला त्रास होतोय का? सुईवाटे गेलेले जंतू मणक्यात जाऊन पू करू शकतात, हृदयाच्या झडपांवरही बसू शकतात. यातलं काहीही असेल तर वाट न बघता तातडीने हॉस्पिटल गाठा आणि पूर्वी इंजेक्शन घ्यायचा हे स्वतःहून सांगा, नाहीतर साधी पाठदुखी म्हणून परत पाठवतील.

आता त्या गोळीबद्दल. ब्युप्रेनॉर्फिन एकदा घेतली की विड्रॉल, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, दिवसभर थांबतो, पण दुखणं कमी करायचा तिचा असर साधारण ६ ते ८ तासच टिकतो. म्हणजे सकाळी घेतली की संध्याकाळी दुखायला लागणं अगदी साहजिक आहे. जे डॉक्टर ही गोळी देतात त्यांना विचारा की तोच रोजचा डोस तीन-चार भागांत वाटून देता येईल का, बऱ्याच जणांना एवढ्यानेच फरक पडतो. स्वतःच्या मनाने तोडून घेऊ देऊ नका आणि दुखतंय म्हणून गोळी बंद तर मुळीच करू नका, तिथूनच लोक परत सुईकडे वळतात.

प्रश्न: मी लपवत नाही, अजून अधूनमधून इंजेक्शन घेतो. हिपॅटायटिस सी आहे. मला सांगितलं आधी सहा महिने पूर्ण बंद ठेव मग ट्रीटमेंट. ते जमत नाही, मग माझं काय?

उत्तर: सरळ लिहिलंत ते बरं केलंत. ही अट जुन्या काळातली आहे हो. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, बहुतेकांना २४ ते ४८ आठवडे, त्याने ताप यायचा, डिप्रेशन यायचं आणि एवढं सोसून साधारण निम्मेच लोक बरे व्हायचे, त्यामुळे नशा करणाऱ्याला कुणी हातच लावायचं नाही. २०१३-१४ नंतर सोफोसबुविरसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आणि चित्रच पालटलं, बहुतेकांना ८ किंवा १२ आठवडे गोळ्या आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलंय की १२ वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाला उपचार द्या, लिव्हर किती खराब झालंय याची वाट बघू नका. नशा चालू असणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, उलट अशा माणसाला आधी बरं केलं तर त्याच्याकडून पुढे जाणारा व्हायरसही थांबतो. त्यामुळे एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्या लिव्हरच्या डॉक्टरकडे जा.

औषध सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट हवीच, कारण सी दबला की आत लपलेला बी उसळी मारू शकतो. बी नसेल आणि आधी लस झाली नसेल तर लस घ्या. सी वर अजून लस नाही, एकदा बरे झालात तरी परत होऊ शकतो, म्हणून दर वेळी नवीन सिरिंज. आणि नुसती सुई नाही, चमचा, कापूस, पाणी, हेसुद्धा कुणाबरोबर वाटून घेऊ नका. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा व्हायरस ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. परत झालाच तर परत उपचार करता येतो, लाजून घरी बसू नका. एकटे असताना इंजेक्शन घेऊ नका आणि नालोक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेचा डोस जास्त होऊन श्वास मंदावला तर तो उतरवणारं औषध, मिळत असेल तर जवळ ठेवा, सोबतच्याला ते कसं द्यायचं तेही दाखवून ठेवा.

प्रश्न: १२ आठवड्यांचा कोर्स संपवला, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच येतोय. पैसे आणि मेहनत वाया गेली का?

उत्तर: तुम्ही बहुतेक अँटिबॉडीची टेस्ट केलीये, म्हणजे व्हायरसची नाही, त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट करा, ती रक्तात खुद्द व्हायरस शोधते, त्यात व्हायरस सापडला नाही म्हणजे तुम्ही बरे. फक्त आधीच सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) झाला असेल तर दर ६ महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी चालू ठेवा, कॅन्सरचा धोका कमी होतो पण जात नाही.

प्रश्न: ह्यांना एचआयव्ही आहे, औषधं चालू आहेत, पण दारू सुटत नाही. रात्री तळपाय इतके जळतात की झोपत नाहीत, मग मिळेल ती पेनकिलर खातात. काय देऊ?

उत्तर: तळपायाची ही आग नसांची आहे, आणि नसा एचआयव्हीही बिघडवतो, दारूही. पूर्वी स्टॅव्हुडिन हे एचआयव्हीचं जुनं औषध घेतलं असेल तर त्याचाही हात असू शकतो. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या, ही कारणं सापडली तर त्यांवर इलाज आहे. साध्या पेनकिलरने नसांचं दुखणं फारसं हलत नाही, म्हणूनच एकावर एक गोळ्या खाल्ल्या जातात. पॅरासिटामॉल रोज पिणाऱ्याने दिवसाला २ ग्रॅमच्या वर नेऊ नये, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, आणि सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं ते धरून. लिव्हर खराब असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी बसू शकते. नसांसाठी प्रीगाबालिन देतात पण दारूबरोबर त्याने श्वास मंदावतो, ड्युलोक्सेटिन जास्त पिणाऱ्याच्या लिव्हरला चालत नाही, तेव्हा पितात हे डॉक्टरला माहीत असल्याशिवाय योग्य औषध निवडताच येणार नाही. आणि रागाच्या भरात त्यांची दारू एकदम तोडू नका, रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

प्रश्न: मी मेथाडोनवर (अफूच्या जातीची नशा सोडवायला केंद्रातून देतात ते औषध) आहे, ऑपरेशन ठरलंय. सांगितलं तर वागणूक बदलते, न सांगता चालेल का?

उत्तर: वागणूक बदलते हे खरंय, आणि ते चूकच आहे, पण भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगाच. नाहीतर ऑपरेशननंतर नेहमीचा डोस देतील, तो तुम्हाला पुरणार नाही आणि तुम्ही तळमळत पडाल. मेथाडोन त्या दिवशीही चालू राहतं, दुखण्याचं औषध त्याच्या वर वेगळं द्यावं लागतं. तुमच्या केंद्रातून डोसची चिठ्ठी लिहून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच हातात द्या, घरचं एक माणूस सोबत न्या. जे नालट्रेक्सोनवर (अफूच्या जातीच्या औषधांचा असर अडवणारं औषध) आहेत त्यांनी तर कित्येक दिवस आधी सांगायला हवं, त्याच्यावर मॉर्फिन लागूच पडत नाही. एचआयव्हीसाठी एफाविरेन्झ किंवा टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं असेल तर तेही सांगा, दोन्ही औषधं रक्तातलं मेथाडोन कमी करतात आणि मग अंग मोडून येतं, घाम येतो, लोकांना वाटतं हा परत नशा करायला लागला, खरं तर डोस वाढवून द्यायची गरज असते.